पगार झाला की मोबाईल हातात: सरकारी नोकरदारांनी घरच्या ऑनलाईन खरेदीला ऑफिसची शिस्त कशी लावायची

सरकारी ऑफिसात आस्थापनेच्या टेबलवर बसून पगारबिलं करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार जवळून दिसते, ती म्हणजे कोणाच्या पगारातून काय काय कापलं जातंय आणि शेवटी हातात किती पडतंय. मी हे काम बरीच वर्षं करतोय. पूर्वी सगळी कपात आमच्यासमोरूनच जायची, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), सोसायटीचा म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचा हप्ता, एलआयसी, घरबांधणी अग्रिम, सणाचा अग्रिम घेतला असेल तर त्याचे दहा हप्ते. सोसायटीतून कर्ज हवं असेल तर पगाराचा दाखला लागायचा, जामीनदार शोधावे लागायचे, संचालक मंडळात कोणीतरी विचारायचंच की "भाऊसाहेब, आधीचं फिटलं का?" त्या विचारण्यातच निम्मी खरेदी पुढे ढकलली जायची.

आता सेवार्थच्या (राज्याची ऑनलाईन पगारप्रणाली) पगारस्लिपवर सगळं छान दिसतं, निव्वळ पगार पन्नास हजाराच्या वर, आणि तोच माणूस बारा तारखेला येऊन विचारतो की डीएचा (महागाई भत्त्याचा) थकीत फरक कधी पडणार हो. कारण खरी कपात आता स्लिपवर नसतेच, ती पगार खात्यात पडल्यावर होते. फोनचा हप्ता, कार्डाचं बिल, ओटीटीचं ऑटोपे, पोरांच्या लर्निंग ऍपचा हप्ता, "पे लेटर"वाले. हे ना पगारबिलावर सही करणाऱ्या आहरण अधिकाऱ्याला दिसत, ना सोसायटीला, आणि बऱ्याच वेळा घरातल्या माणसालाही दिसत नाही. इंटरनेटने सरकारी माणसाच्या खरेदीत केलेला मोठा बदल माझ्या मते हाच आहे, बाकी मॉल काय आणि सेल काय ते नंतर.

हा लेख त्यासाठी आहे. यात ऑनलाईन घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः घेतो. पण ऑफिसात साधी कागदाची रिमं घ्यायची तरी आपण मागणीपत्रक, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, साहेबांची मान्यता, साठा नोंदवही एवढं सगळं करतो ना, ती पद्धत आपल्याला झोपेत येते. तीच घरच्या खरेदीला लावायची. कशी ते पायरी पायरीने सांगतो.

आधी हे समजून घ्या की आपल्यावरच एवढा डोळा का

पगार ठरलेल्या तारखांच्या आसपास होतो, नोकरी जात नाही, वर्षातून दोनदा म्हणजे जानेवारी आणि जुलैपासून महागाई भत्ता वाढतो, मग तो जाहीर उशिरा होईना का. बँकेच्या हिशेबात यापेक्षा भरवशाचं गिऱ्हाईक नाही. म्हणून पगार खातं असलेल्या बँकेच्या ऍपवर "प्री अप्रूव्हड लोन" कायम लटकलेलं असतं आणि क्रेडिट कार्डवाला पोरगा ऑफिसच्या जिन्यात उभा असतो.

त्यात 2016 साल बघा. सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं आणि 8 नोव्हेंबरला नोटाबंदी. ज्यांनी कधी कार्ड स्वाईप केलं नव्हतं ते आमचे लोक वर्षभरात क्यूआर स्कॅन करायला लागले. मग राज्यात सातवा वेतन आयोग जानेवारी 2019 पासून प्रत्यक्ष पगारात आला, हातात पैसा वाढला, सव्वा वर्षात लॉकडाऊन लागलं आणि दुकानं बंद. त्याच काळात 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्याच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, रोजची वेळ वाढली, म्हणजे संध्याकाळी बाजारात चक्कर मारायला वेळ नाही आणि मोबाईल मात्र लोकलमध्ये, एसटीत, जेवणाच्या सुट्टीत हातातच.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना तर सरकारनेच ढकललं म्हणा ना. 12 ऑक्टोबर 2020 ला निर्मला सीतारामन यांनी एलटीसी (रजा प्रवास सवलत) कॅश व्हाऊचर योजना जाहीर केली, म्हणजे प्रवासाऐवजी खरेदी केली की भाड्याचे पैसे मिळायचे, त्यासाठी प्रवासभाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी करायची, वस्तू किंवा सेवा 12 टक्के किंवा जास्त जीएसटीवाली हवी, पैसे डिजिटलच द्यायचे, 31 मार्च 2021 च्या आत, आणि जीएसटी नंबर असलेलं बिल जोडायचं. पोस्ट, इन्कम टॅक्स, आयुध निर्माणीतल्या किती घरात तेव्हा नवीन टीव्ही आणि वॉशिंग मशीन आलं ते विचारा.

आणि पार्सल कुठे मागवायचं? दोघं नोकरीला, घर दिवसभर कुलूपबंद, म्हणून पत्ता ऑफिसचा. आवक-जावक टेबलच्या बाजूला पार्सलांचा ढीग, शिपाई मामा हाका मारतात, "मॅडम, तुमचं अजून एक आलंय." मग ते उघडायला चार जणी जमतात, लिंक बॅचच्या ग्रुपवर पडते, आणि संध्याकाळपर्यंत तीच कुर्ती अजून तिघींनी मागवलेली असते. जाहिरातीपेक्षा हे जास्त चालतं, कारण शेजारच्या टेबलवरच्या माणसावर आपला विश्वास असतो.

पायरी 1: तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून काढा

छापूनच, स्क्रीनवर बघून काही होत नाही. पगार खात्याचं, कार्डाचं, आणि दुसऱ्या कुठल्या खात्यावर यूपीआय जोडलं असेल तर त्याचंही. शेजारी सेवार्थची (शिक्षक असाल तर शालार्थची) त्याच तीन महिन्यांची स्लिप ठेवा. आता पेनने प्रत्येक ओळीपुढे खूण करा: घ म्हणजे घरखर्च, ह म्हणजे हप्ता, आ म्हणजे आपोआप कापलेलं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे हे काय होतं तेच आठवत नाही. यूपीआयच्या ओळीत नावं विचित्र येतात, दुकानाच्या नावाऐवजी मालकाचं नाव किंवा नुसता आकडा, तिथे यूपीआय ऍपच्या हिस्टरीत तारीख लावून बघायचं. ऑनलाईन ऑर्डरसाठी ऍपमध्ये "माय ऑर्डर्स" आहेच.

मग दोन बेरजा करा. एक, हप्ता अधिक आपोआप कापलेलं, हे निव्वळ पगारातून वजा करा, उरला तो तुमचा खरा हातातला पगार. हा आकडा स्लिपच्या मागे लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालणार आहे. दुसरी बेरीज तारखेची. पगार झाल्यापासून पहिल्या पाच दिवसात किती ऑनलाईन खर्च झाला आणि उरलेल्या महिन्यात किती? माझ्याकडे जे लोक हे घेऊन बसले त्यांच्यात पहिल्या पाच दिवसांचा ढीग जवळपास प्रत्येकाचा मोठा निघाला. म्हणजे गरज महिनाभर सारखी असते पण खरेदी पगाराच्या एसएमएसला जोडलेली असते.

प्रश्नचिन्हांची बेरीज बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर करा. भांडण व्हायचं ते एकदाच होऊ द्या.

पायरी 2: आपोआप कापलं जाणारं बंद करा

यूपीआय ऍपमध्ये "ऑटोपे" किंवा "मँडेट" (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) म्हणून भाग असतो, तिथे चालू असलेले सगळे दिसतात, नको ते तिथूनच रद्द होतात. कार्डावरचे बँकेच्या ऍपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये. फोन बदलला किंवा यूपीआय ऍप बदललं तरी जुन्या ऍपवर दिलेलं मँडेट चालू राहू शकतं, म्हणून जुनं ऍपही उघडून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून किंवा यूपीआयवरून असं पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज यायला हवा आणि साधारणपणे 15,000 च्या वरच्या रकमेला दरवेळी ओटीपी किंवा पिन लागतो. अडचण अशी की 15,000 च्या खालचंच सगळं आपल्याला खात असतं आणि तो आधीचा मेसेज आपण जाहिरात समजून उडवतो.

"एक रुपयात ट्रायल" घेतलेलं काहीही असेल तर आजच बघा. ट्रायलला मँडेट दिलेलं असतं आणि सातव्या दिवशी वर्षाचे पैसे जातात.

पायरी 3: फोन थोडा नीट लावा

हे दहा मिनिटांचं काम आहे. शॉपिंग ऍपच्या नोटिफिकेशन बंद, फक्त डिलिव्हरीच्या चालू. कार्ड सेव्ह केलेलं काढून टाका, दरवेळी नंबर टाकायला लागला की हात थांबतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुठलंही खातं लॉगिन ठेवायचं नाही, तो कॉम्प्युटर उद्या दुसऱ्या टेबलला जाणार असतो. सरकारी ईमेल आयडी शॉपिंगसाठी कधीच वापरू नका. आणि एक नियम घरात ठरवा: पगार झाल्यापासून पाच दिवस नवीन काही मागवायचं नाही, कार्टमध्ये टाकून ठेवायचं. सहाव्या दिवशी कार्ट उघडली की त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्यालाच नको वाटतात.

"फक्त 2 शिल्लक", "12 मिनिटांत ऑफर संपणार", नको म्हणायचं बटण "मला बचत नको आहे" असं लिहिलेलं, नकळत कार्टमध्ये आलेलं 29 रुपयांचं इन्शुरन्स, शेवटच्या पानावर वाढलेली प्लॅटफॉर्म फी. या युक्त्यांना केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला नियमावली काढून डार्क पॅटर्न ठरवलंय, त्यात 13 प्रकार दिलेत, खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप वस्तू घालणं, सबस्क्रिप्शनचा सापळा वगैरे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा, पुढे तक्रारीत कामाला येतो.

पायरी 4: मागणीपत्रक आणि तीन दरपत्रकं

पाच हजाराच्या वरची कुठलीही वस्तू असेल (तुमच्या पगाराप्रमाणे आकडा ठरवा) तर एका कागदावर आधी मागणी लिहायची. काय हवं, का हवं, आत्ता जे आहे त्याचं काय झालं, किती पैशापर्यंत. ऑफिसात आपण "सध्याची वस्तू दुरुस्त होऊ शकते काय" असा शेरा मारतोच, तोच इथे मारा. मिक्सरचं भांडं गेलं म्हणून आख्खा मिक्सर बदलणारी घरं मी बघितलीत.

मग तीन दर घ्या आणि माझा हट्ट आहे की त्यातला एक दर तालुक्याच्या किंवा गल्लीतल्या दुकानाचा हवाच. नुसती किंमत नाही, तुलनात्मक तक्ता करा. समजा फ्रीज घ्यायचाय. ऑनलाईन 27,490, कार्डाची सूट 1,500 पण ती ईएमआय केला तरच, त्याची प्रोसेसिंग फी जीएसटी धरून 235, स्टँड वेगळा 700, जुन्या फ्रीजचे 1,000 मिळणार. म्हणजे पडला 25,925 ला. दुकानदार म्हणतो 28,500, घासाघीस केली, रोख देतो म्हटलं तर 2,000 कमी केले, स्टँड त्याच्याकडून, जुना फ्रीज 1,500 ला उचलून नेतो. पडला 25,000 ला, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याचीच पोरं चढवून देणार. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, दरवेळी दुकानच स्वस्त पडेल असं नाही, पण तक्ता केल्याशिवाय हे कळतच नाही, कारण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात एकच आकडा दिसत असतो.

तक्त्यात एक रकाना सर्व्हिसचा ठेवा आणि त्याला किमतीइतकंच वजन द्या. आमच्या ओळखीतल्या एका ग्रामसेवक भाऊंनी ऑनलाईन वॉशिंग मशीन घेतलं, दरात हजारभर वाचले, मशीन वेळेत आलं. बसवायला माणूस येणार होता तो जिल्ह्याच्या गावाहून, तीन वेळा तारीख दिली आणि तीनदा ऍपवर "ग्राहक घरी नव्हते" असा शेरा पडला, भाऊ सुट्टी टाकून घरी बसलेले. शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनने बसवलं, मग पुढे पाणी गळायला लागल्यावर कंपनीवाले म्हणाले अधिकृत माणसाने बसवलेलं नाही. तेव्हा ऑर्डर करायच्या आधी कंपनीच्या टोल फ्रीला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा की बसवायला माणूस कुठून येणार, किती दिवसात. बदलीच्या नोकरीत तर हे फारच महत्त्वाचं, आज भोकरदन तर दोन वर्षांनी अजून कुठे.

पुस्तकं, स्पर्धा परीक्षेचं साहित्य, सुटे भाग, चपला-बूट ज्यांचा नंबर माहिती आहे, तालुक्याला न मिळणारी औषधी उपकरणं, यात मात्र ऑनलाईनला तोड नाही, तिथे उगाच तक्ते करत बसू नका.

वस्तूची माहिती वाचताना रिव्ह्यूमधले पाच स्टारवाले सोडा, दोन आणि तीन स्टारवाले वाचा, खरं काय ते तिथे असतं, आणि फोटो टाकलेले बघा. पॅकबंद वस्तूच्या पानावर एमआरपी, उत्पादकाचं नाव, वजन-माप, कुठल्या देशात बनलंय हे द्यावंच लागतं, ते नसेल तर सोडून द्या. सोनं ऑनलाईन घ्यायचं तर एचयूआयडीचा म्हणजे हॉलमार्कच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी कोड हवा, बीआयएस केअर ऍपवर तो तपासता येतो. त्याच ऍपवर आयएसआय मार्कचा लायसन्स नंबरही टाकून बघता येतो, इस्त्री, गीझर, हेल्मेट घेताना जरूर बघा.

आणि मान्यता. घरात दुसऱ्या माणसाची सही, म्हणजे तोंडी होकार, तोही दुसऱ्या दिवशी. रात्री अकरा वाजता मान्यता मागायची नाही.

पायरी 5: हप्त्याचं गणित कागदावर करा

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो म्हणून जरा सविस्तर.

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे व्याज नाही असं आपण धरतो. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकातच सांगितलंय की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही, व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने बसवलेलं असतं. होतं काय बघा. 30,000 चा फोन, 6 हप्ते, प्रत्येकी 5,000. बँक व्याज लावतेच, समजा वर्षाला 15 टक्के, म्हणजे बँकेच्या हिशेबात कर्ज 28,730 चं आणि व्याज 1,270. हे 1,270 विक्रेता सूट म्हणून देतो. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, 229 रुपये. वर प्रोसेसिंग फी 199 आणि तिच्यावर जीएसटी, 235. झाले 464. रक्कम लहान आहे मान्य. पण विचारा की ईएमआय न करता एकरकमी दिले तर काय सूट मिळते, बऱ्याच वेळा तिथे हजार-दीड हजार वेगळे सुटतात, ते आपण सोडलेले असतात. आणि सहा महिने 5,000 बांधले गेले हे वेगळंच.

क्रेडिट कार्ड पूर्ण भरत असाल तर ठीक, उलट फायद्याचं आहे. पण "मिनिमम ड्यू" भरून पुढे ढकललं की गेलात. 40,000 बाकी आहे, महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं (बऱ्याच कार्डांचं याच्या आसपास असतं) तर 1,400 व्याज, त्यावर जीएसटी 252. तुम्ही किमान म्हणून 2,000 भरले तर मुद्दलातून गेले फक्त 348. शिवाय बाकी असताना नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. वर्षाचा दर बेचाळीस टक्के होतो आणि आपल्या जीपीएफला मिळतात 7.1 टक्के, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा.

माझा नियम असा की सगळे वस्तूंचे हप्ते मिळून, पायरी 1 मधल्या खऱ्या हातातल्या पगाराच्या दहाव्या भागाच्या वर जायचे नाहीत, आणि एक संपल्याशिवाय दुसरा नाही.

पायरी 6: कर्ज घ्यायचंच असेल तर दिसेल असं घ्या

ऍपवर तीन मिनिटांत पैसे येतात हे खरंय. पण कोणाकडून येतात ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिजिटल कर्जात मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) आहे ते सांगावंच लागतं, "की फॅक्ट स्टेटमेंट" द्यावं लागतं ज्यात एकूण वार्षिक खर्चाचा दर असतो, आणि किमान एक दिवसाची मुदत मिळते ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन कर्जातून बाहेर पडता येतं, कुठे एखादी प्रोसेसिंग फी ठेवून घेतात तेवढीच. ऍप कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागत असेल तर लगेच डिलीट करा, वसुलीला हेच लोक ऑफिसातल्या सगळ्यांना मेसेज पाठवतात.

पगारदारांची पतसंस्था जुनाट वाटते पण तिचा फायदा आहे, हप्ता पगारातूनच कापला जातो, सहकार कायद्याच्या कलम 49 मध्ये तशी सोय आहे, आणि वर्षाला लाभांशही मिळतो. व्याज विचारा, ऍपच्या दराशी ताडून बघा. जामीनदार शोधायची लाज वाटते म्हणून ऍपकडे जाणारे नवीन मुलं-मुली मी बघतो, विशेषतः नोकरीला लागून वर्ष दोन वर्ष झालेले. बाळांनो, जामीनदार मागणारा माणूस तुमच्या भल्याचाच असतो.

सरकारी माणसाला कर्जबाजारीपणा ही नुसती घरची गोष्ट राहत नाही हेही लक्षात ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये आणि केंद्राच्या 1964 च्या नियमांतही कर्मचाऱ्याने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की सवयीचा कर्जबाजारीपणा येणार नाही असं लिहिलेलं आहे.

पायरी 7: वर्तणूक नियम ऑनलाईन खरेदीलाही लागू आहेत

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतोय. केंद्रीय कर्मचाऱ्याने दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली तर एक महिन्यात कळवायचं असतं. वस्तू दुकानातून घेतली की ऍपवरून, फरक पडत नाही. राज्यातल्यांनी आपल्या गटाची मर्यादा आस्थापना शाखेतून लेखी बघून घ्यावी, आणि मत्ता-दायित्वाचं विवरणपत्र भरताना कार्डाची बाकी, ऍपचं कर्ज हे दायित्वात धरावं.

ट्रेडिंग ऍपचंही तेच. नियमाने सट्टा करायला बंदी आहे आणि वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच धरतात. टेबलखाली फोन धरून ऑप्शन खेळणाऱ्यांनी सेबीचा 2024 चा अभ्यास बघावा, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले.

ठेकेदाराने किंवा पुरवठादाराने दिवाळीला पाठवलेलं गिफ्ट कार्ड, ई-व्हाऊचर, "साहेब कोड टाका नुसता" ही भेटवस्तूच आहे. मिठाईचा पुडा परत देता येतो तसा कोडही परत देता येतो, वापरू नका आणि परत पाठवल्याचा मेसेज जपून ठेवा.

पायरी 8: वस्तू आली की नोंद

महागडी वस्तू उघडताना व्हिडिओ काढा, आधी बाहेरचं लेबल, मग सील, मग आतली वस्तू आणि सिरियल नंबर, मध्ये कट न करता. ऑफिसच्या पत्त्यावर मागवली असेल तर मामांना सांगून ठेवा की खोका फाटका असेल तर घ्यायचाच नाही, ओटीपी तुमच्याशिवाय द्यायचा नाही. जुनी शंभर पानी वही घ्या, ऑफिसातल्या टिकाऊ सामानाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीसारखे रकाने आखा: तारीख, वस्तू, किंमत, कुठून, बिल नंबर, वॉरंटी कधीपर्यंत, परत करायची शेवटची तारीख. बिलाची पीडीएफ ऍपमध्येच ठेवू नका, ऍपचं खातं गेलं तर बिलही गेलं.

पायरी 9: बिघडलं तर तक्रार, आणि ती आपल्याला चांगली जमते

टिप्पणी लिहिणाऱ्या माणसाने ग्राहक तक्रारीला घाबरायचं काही कारणच नाही. विषय, संदर्भ, घटनाक्रम तारखांसह, मागणी, सहपत्रं. आधी ऍपवर तक्रार, तिकीट नंबर लिहून ठेवा. मग त्या साईटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क साईटवर असायलाच हवा, 48 तासात पोच आणि एक महिन्यात निवारण द्यायला हवं. हा नियम मेलमध्ये लिहिलात की चॅटवरच्या गोड उत्तरांपेक्षा वेगळं उत्तर येतं.

तरी नाही झालं तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो नाहीतर गुरगावची. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख, दोन वर्षांच्या आत करायची, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. बँकेबद्दल, कार्डाबद्दल असेल तर आधी बँकेला लेखी, 30 दिवसात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

फसवणूक झाली असेल तर यातलं काही करत बसू नका, ताबडतोब 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) आणि बँक. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून आलेली एपीके (फोनवर ऍप टाकणारी) फाईल उघडायची नाही, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि आपल्या निवृत्त लोकांना खास सांगा, नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याच्या नावाने, "कोषागारातून बोलतोय" म्हणून ओटीपी मागणारे फोन येतात. काका-काकू घाबरून देतात, पेन्शन बंद पडेल म्हणून.

पायरी 10: फरक आणि आयोगाच्या बातम्यांवर खरेदी करू नका

यूट्यूबवर रोज कोणीतरी आठव्या वेतन आयोगात पगार किती होणार ते सांगतंय, त्या आकड्यावर आमच्यातल्या लोकांनी गाड्या बुक केल्यात. केंद्राने 28 ऑक्टोबर 2025 ला आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली आणि शिफारशींना 18 महिने दिले. राज्याचं त्यानंतर. सातव्या वेळी केंद्राने 2016 मध्येच लागू केला, आपल्याकडे बक्षी समिती (राज्याची वेतन सुधारणा समिती) बसली आणि पगारात यायला 2019 उजाडलं, फरक पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने, जुन्या पेन्शनवाल्यांचा तर जीपीएफ खात्यातच जमा झाला, हातात आला नाही. म्हणून फरकाची रक्कम खात्यात पडल्याचा एसएमएस येईपर्यंत ती नाहीच असं धरायचं.

आली की पहिल्या दिवशी कार्डाची बाकी पूर्ण फेडा. मग ऍपचं कर्ज, प्रीपेमेंटचा चार्ज विचारून. एनपीएसवाले (राष्ट्रीय पेन्शन योजनेतले), म्हणजे राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेले, त्यांच्याकडे अडीनडीला काढायला जीपीएफ नाही, त्यांनी तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी एफडी वेगळ्या बँकेत करावी, जिचं ऍप फोनवर टाकायचं नाही. त्यातून उरेल त्याची खरेदी, आणि ती परत पायरी 4 पासून, मागणीपत्रक लिहून.